न पिणाऱ्या माणसाचा दारुडा

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत नव्याने दाखल झालेल्या एका तरुणाने मला लेखी प्रश्न विचारला आहे. स्पर्धेच्या नाटकात त्याच्या वाट्याला एका दारुड्या पोस्टमनची भूमिका आली आहे, दिग्दर्शकाने "जॉनी वॉकर यांना पाहा" एवढे सांगून त्याची बोळवण केली आहे, आणि त्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हिंदी चित्रपटांतले हे विनोदी नट जॉनी वॉकर खरोखर आपल्या इंदूरचे होते का, त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही हे खरे मानावे का, आणि त्यांच्या कामात नेमके काय पाहायचे. इंदूरच्या मराठी रंगभूमीवर मी पस्तीस वर्षे नट आणि दिग्दर्शक म्हणून वावरलो आहे, या काळात कितीतरी मुलांना झिंगायला शिकवले आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना आधी भरपूर विसरायला लावले आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आहेत. बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी हे त्यांचे मूळ नाव. जन्म इंदूरचा, आणि जन्मतारीख साधारणपणे ११ नोव्हेंबर १९२६ अशी दिली जाते. दारूला ते कधी शिवले नाहीत, ही गोष्ट त्यांच्या घरच्यांनी आणि बरोबर काम केलेल्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्यावर शंका घेण्याचे कारण उरत नाही. एका जगप्रसिद्ध व्हिस्कीचे नाव आयुष्यभर मिरवणारा हा माणूस पूर्ण निर्व्यसनी होता.

इंदूरचा आणि सिनेमाचा विषय निघाला की आपण मराठी माणसे आधी लताबाईंचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे, त्यांचा जन्म १९२९ साली इथेच झाला. पण त्याच्या आगेमागेच याच गावात जन्मलेल्या या मुलाची आठवण आपल्याला सहसा होत नाही, कारण त्याचे इंदूर राजवाड्याच्या आणि गाण्याच्या बैठकींच्या बाजूचे नव्हते, मिलच्या भोंग्याचे होते. त्यांचे वडील कापडाच्या मिलमध्ये नोकरीला होते. मिल बंद पडली, रोजगार गेला आणि दहा मुलांचे ते कुटुंब पोटासाठी मुंबईला गेले. ज्यांचे बालपण परदेशीपुऱ्यात किंवा मालवा मिलच्या परिसरात गेले आहे, त्यांना या एका वाक्यात किती गोष्टी येतात ते समजावून सांगावे लागत नाही. आपल्या शहरात मिल बंद पडणे म्हणजे काय, हे पुढे १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद झाली तेव्हा आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

मुंबईत बद्रुद्दीन यांनी भाजी, फळे, कुल्फी असे जे विकता येईल ते विकले, आणि पुढे बेस्टच्या बसवर कंडक्टर म्हणून त्यांना नोकरी मिळाली. पगार महिन्याला २६ रुपये होता असे सांगितले जाते. या नोकरीचा उल्लेख त्यांच्या प्रत्येक चरित्रात गमतीचा किस्सा म्हणून येतो, माझ्या मते मात्र तीच त्यांची नाट्यशाळा होती. कंडक्टर दिवसभर अनोळखी माणसांच्या गर्दीत उभा असतो, हेलकावे खाणाऱ्या गाडीत तोल सांभाळत एका हाताने पैसे घेतो आणि दुसऱ्या हाताने तिकीट देतो, थांब्यांची नावे पुकारतो, आणि चिडलेल्या प्रवाशाला हसवून शांत करतो. बद्रुद्दीन थांब्यांची नावे नकला करून पुकारत आणि प्रवाशांची करमणूक करत. तोल जात असताना हातातले काम न सोडणे ही गोष्ट त्यांच्या अंगात तिथे मुरली असावी, असा माझा तर्क आहे. प्रश्नकर्त्याने हा तर्क लक्षात ठेवावा, त्याचा पुढे उपयोग होणार आहे.

अभिनेते बलराज साहनींनी त्यांना हेरले. कोणी म्हणते बसमध्ये, कोणी म्हणते एका चित्रीकरणाच्या जागी, जिथे बद्रुद्दीन गर्दीतला एक माणूस म्हणून काम करत होते आणि मधल्या वेळात सगळ्यांना हसवत होते. साहनी त्या वेळी नवकेतन संस्थेच्या 'बाजी' या चित्रपटाचे लेखन करत होते, आणि गुरुदत्त यांचा दिग्दर्शक म्हणून तो पहिलाच चित्रपट होता. साहनींनी बद्रुद्दीन यांना सल्ला दिला की कचेरीत थेट दारूच्या अंमलाखाली असल्यासारखे शिरावे आणि बसलेल्या लोकांना हैराण करावे. त्यांनी तसे केले. कोण हा बेवडा आत आला म्हणून मंडळी वैतागली, त्याला बाहेर काढण्याची वेळ आली, आणि तेवढ्यात साहनींनी "आता सलाम कर" असा इशारा केल्याबरोबर तो माणूस ताठ उभा राहिला आणि त्याने स्वच्छ सलाम ठोकला. 'बाजी' १९५१ साली प्रदर्शित झाला, त्यात त्यांना छोटीशी जागा मिळाली आणि गुरुदत्त यांनी व्हिस्कीवरून त्यांचे नवे नाव ठेवले.

हा किस्सा सांगणारे लोक झिंगण्यावर हसतात आणि सलामाकडे दुर्लक्ष करतात. मी विद्यार्थ्यांना सलामाकडे पाहायला सांगतो. जो नट एका क्षणात शुद्धीवर येऊ शकतो, त्याची शुद्ध मुळात कधी हरपलेलीच नसते. त्याच्या प्रत्येक हेलकाव्यावर त्याचा ताबा असतो. आमच्याकडे तालमीत पहिल्या दिवशी मुले नेमके याच्या उलट करतात. पाय फाकतात, मान टाकतात, जीभ जड करतात, डोळे अर्धे मिटतात, आणि अर्ध्या मिनिटात संपतात, कारण त्यांना नशा दाखवायची असते. खऱ्या दारुड्याला ती लपवायची असते. तो सगळी शक्ती पणाला लावून सरळ चालण्याचा प्रयत्न करत असतो, आणि हसू येते ते त्या प्रयत्नामुळे.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक मिल कामगार राहत असत. नाव लिहीत नाही. पगाराच्या दिवशी ते पिऊन येत, आणि त्या दिवशी घरासाठी जिलेबीचा पुडा आणण्याचाही त्यांचा नेम होता. तो पुडा ते दोन्ही हातांनी छातीशी, पूजेचे ताट धरावे तसा धरून आणत. गल्लीच्या तोंडाशी नाली होती. नालीपाशी आल्यावर ते थांबत, तिच्याकडे बराच वेळ पाहत, एक पाय उचलत, परत ठेवत, दुसरा उचलत, आणि शेवटी एखाद्या ओढ्यावरून उडी मारावी तसा वीतभर नालीवरून भला मोठा टांग टाकत. त्या सबंध वेळात पुडा कधी तिरपा झाला नाही. आम्ही पोरे ओट्यावर बसून हसत असू. हसू यायचे ते त्या न कलणाऱ्या पुड्यामुळे, हे मला फार पुढे, स्वतः दारुड्याचे काम करताना सपशेल पडल्यावर कळले.

जॉनी वॉकर यांच्या कामात हा पुडा नेहमी असतो. त्यांनी साकारलेली माणसे आठवून पाहा. 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये ते छायाचित्रकार आहेत, 'सीआयडी' मध्ये खिसेकापू, 'नया दौर' मध्ये मुंबईहून गावात आलेले वार्ताहर, 'प्यासा' मध्ये तेलमालिशवाले. विनोदी नटाला त्या काळी नायकाचा मित्र एवढीच ओळख पुरत असे. तो पोट कसे भरतो हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे. जॉनी वॉकर यांच्या माणसांना धंदा असतो, आणि हात त्या धंद्यात गुंतलेले असतात. माझे सगळे म्हणणे एवढ्यावरच उभे आहे: ते दारुड्याची नक्कल करणारे नट नव्हते, कामात असलेल्या माणसाचे नट होते. त्यांनी रंगवलेला दारुडाही त्याच माणसाचा सुट्टीतला अवतार आहे.

'प्यासा' (१९५७) मधला अब्दुल सत्तार घ्या. बागेत तेलाच्या बाटल्या घेऊन तो गिऱ्हाईक शोधत फिरतो, आणि 'सर जो तेरा चकराए' हे गाणे सुरू होते. साहिर यांचे शब्द, सचिनदेव बर्मन यांची चाल, रफींचा आवाज, हे सर्वांना माहीत आहे. आता गाण्याचा आवाज बंद करून फक्त हात पाहा. बोटे केसांत कशी जातात, तळवा टाळूवर कसा आपटतो, गिऱ्हाइकाच्या मानेला झटका देताना अंगठा कुठे असतो. आपल्याकडे सराफ्याच्या बाजूला किंवा स्टेशनजवळ ज्यांनी खरी चंपी करून घेतली आहे ते सांगतील की हा माणूस नाटक करत नाही, मालिश करतो आहे. तालाचे वजन तळव्यात आहे, आणि ते चुकत नाही. विनोद चेहऱ्यावर आहे, हात मात्र पूर्ण गंभीर आहेत. जिलेबीचा पुडा म्हणतात तो हाच.

याच चित्रपटाविषयी एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती नटाने समजून घेण्यासारखी आहे. कवी असलेल्या नायकाशी दगाबाजी करणाऱ्या मित्राच्या भूमिकेसाठी आधी जॉनी वॉकर यांचा विचार झाला होता आणि काही चित्रीकरणही झाले होते. मग गुरुदत्त यांच्या लक्षात आले की प्रेक्षक यांना दगाबाज म्हणून स्वीकारणार नाहीत, आणि त्यांना सत्तार देण्यात आला. सत्तार शेवटी नायकाला वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर पडायला मदत करतो. सबंध चित्रपटात सुशिक्षित माणसे कवीला विकतात किंवा विसरतात, आणि त्याच्या पाठीशी एक वेश्या व एक मालिशवाला उभे राहतात. विनोदी पात्राला कथेच्या सांगाड्यात इतके मोक्याचे स्थान हिंदी चित्रपटात क्वचितच मिळाले आहे.

गुरुदत्त यांच्याकडे त्यांना मोकळीक होती. प्रसंग आणि संवाद हातात द्यायचे, याहून चांगले सुचले तर तसे करा असे सांगायचे, आणि तालमीत तंत्रज्ञ व दिवे धरणारी मुले हसतात का ते पाहायचे, अशी गुरुदत्त यांची रीत असल्याचे स्वतः जॉनी वॉकर सांगत. आपल्या संस्थांतले दिग्दर्शक पहिले अर्धे करतात आणि दुसरे विसरतात. नटाला "काहीतरी कर" असे सांगणे सोपे आहे. त्याने केलेल्या दहा गोष्टींतल्या नऊ काढून टाकण्यासाठी समोर बसून राहावे लागते. गुरुदत्त बसत. म्हणूनच 'आर पार' (१९५४) पासून 'चौदहवीं का चाँद' (१९६०) पर्यंतचे, म्हणजे गुरुदत्त यांनी दिग्दर्शित किंवा निर्मित केलेल्या चित्रपटांतले, त्यांचे काम इतर कोणत्याही कामापेक्षा बांधीव आहे.

अपवाद एक आहे. 'कागज के फूल' (१९५९) मधला श्रीमंत, रेस खेळणारा रॉकी मला कधी पटला नाही. जॉनी वॉकर त्यात चांगलेच दिसतात, पण पात्राला काही काम नसल्यामुळे हात मोकळे राहिले आहेत, आणि मोकळे हात मग विनोद करायला धावतात. त्या उदास चित्रपटात ते प्रसंग चिकटवल्यासारखे वाटतात. अनेकांना यात दोष पटकथेचा वाटतो. असेल, मी नटाच्या बाजूने पाहतो, आणि मला हात दिसतात.

गाण्यांबद्दल थोडे. विनोदी नटाला स्वतंत्र गाणे मिळण्याची प्रथा रूढ व्हायला जॉनी वॉकर यांची लोकप्रियता बरीच कारणीभूत आहे. संगीतकार ओ. पी. नय्यर यांनी 'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस ५५', 'सीआयडी', 'नया दौर' या चित्रपटांत त्यांना गाणी दिली आणि रफींनी ती अशी गायली की डोळे मिटूनही पडद्यावर कोण आहे ते ओळखावे. रफी इथे नक्कल करत नाहीत. ते आवाज किंचित नाकात नेतात, शब्दाचे टोक जरासे लांबवतात, आणि त्यातून तो बारीक मिशीचा, लांबट चेहऱ्याचा माणूस उभा राहतो. 'सीआयडी' मधले 'ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ' हे गीतकार मजरूह यांचे गाणे मुंबईच्या रस्त्यांवर फिरते आणि एका खिसेकापूच्या तोंडून शहराचा हिशेब मांडते. कामाच्या शोधात आलेल्या कुटुंबातला मुलगा ते म्हणतो आहे हे माहीत असले की गाणे आणखी वेगळे ऐकू येते. 'मिस्टर अँड मिसेस ५५' मधले 'जाने कहाँ मेरा जिगर गया जी' कचेरीत घडते; तिथे टेबलाखाली, खुर्चीखाली हरवलेले काळीज शोधण्याची खटपट चालते, आणि ती एखाद्या कारकुनाने हरवलेली फाईल शोधावी इतक्या मन लावून चालते.

दारुड्याचे काम पाहायचे तर बिमल रॉय यांचा 'मधुमती' (१९५८) पाहावा. त्यातल्या चरणदासच्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. 'जंगल में मोर नाचा' या गाण्यात पिणाऱ्याची तक्रार आहे की आपण जरासे झुललो तर सगळ्या जगाला दिसते. शैलेंद्र यांनी दारुड्याला स्वतःचा वकील केले आहे, आणि जॉनी वॉकर वकिलाच्या गांभीर्यानेच ती बाजू मांडतात. पायांकडे लक्ष ठेवा. पाय डगमगतात, पण प्रत्येक वेळी वजन आधी एका पायावर पूर्ण येते आणि मगच दुसरा सुटतो. पडण्याची भीती प्रेक्षकाला वाटते, नटाला नाही. हे शिकायचे तर आधी पंधरा दिवस नुसते सरळ चालायला शिकावे लागते. माझ्या विद्यार्थ्यांना याचा फार कंटाळा येतो.

त्यांच्या नावावर चालणारे चित्रपटही निघाले. १९५७ साली 'जॉनी वॉकर' याच नावाचा आला, पुढल्या वर्षी 'मिस्टर कार्टून एम. ए.' आला. नायक म्हणून ते मला फारसे रुचत नाहीत, कारण नायकाला सगळा चित्रपट उचलावा लागतो आणि त्यांची खुबी कोपऱ्यात उभे राहून काम करण्यात होती. लग्न त्यांनी अभिनेत्री शकीला यांची बहीण नूर यांच्याशी केले. 'आर पार' मध्ये दोघांनी एकत्र काम केले होते. रविवारी चित्रीकरण करायचे नाही हा नियम त्यांनी पाळला, आणि असा हट्ट धरणाऱ्या पहिल्या नटांत त्यांचे नाव घेतले जाते. मिल कामगाराच्या मुलाला साप्ताहिक सुट्टीचे मोल वेगळे सांगायला नको. स्वतःचे शिक्षण सहावीच्या आसपास सुटले असले तरी मुलांच्या शिक्षणात त्यांनी काही कमी पडू दिले नाही.

१९६४ साली गुरुदत्त गेले. त्यांचे बंधू आत्माराम यांच्या 'शिकार' (१९६८) साठी जॉनी वॉकर यांना विनोदी अभिनेत्याचे फिल्मफेअर मिळाले, पण तोवर हवा दुसरे विनोदी नट मेहमूद यांच्या बाजूला वळली होती आणि विनोद अधिक मोठ्या आवाजाचा झाला होता. या काळातले त्यांचे बरेच काम भराभर ओलांडून जावे, आणि थेट हृषीकेश मुखर्जींच्या 'आनंद' (१९७१) पाशी थांबावे.

नाटकवाल्यांनी हा चित्रपट जॉनी वॉकर यांनी रंगवलेल्या ईसाभाई सूरतवाला यांच्यासाठी पुन्हा पाहावा. मरणाच्या दारात उभा असलेला आनंद रस्त्यात दिसेल त्या अनोळखी माणसाला 'मुरारीलाल' म्हणून हाक मारतो, जुनी ओळख असल्याचे सोंग करतो, आणि लोक गोंधळतात किंवा चिडतात. एकच माणूस त्याला तितक्याच सहजतेने उलट ओळख देतो. तो नाटकवाला असतो. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा आणि त्याला पुढचा शब्द द्यायचा, हा आमचा धंदा; जॉनी वॉकर त्या एका क्षणात तो धंदा उभा करतात. ओळख देण्याआधी ते किती थोडे थांबतात ते पाहा. श्वासभराचा थांबा आहे, आणि त्यात "हा कोण?", "वेडा आहे का?" आणि "चला, खेळू या" हे तिन्ही विचार येऊन जातात. पुढे आनंदच्या आजाराची गोष्ट कळल्यावर याच हसऱ्या माणसाचे डोळे भरून येतात, आणि ते आनंदला दिसू नयेत याची त्याची धडपड चालते. नशा लपवणारा दारुडा आणि रडू लपवणारा ईसाभाई यांत नटाच्या दृष्टीने काही अंतर नाही. दोघेही सरळ चालण्याचा प्रयत्न करत असतात.

पुढे त्यांनी काम कमी करत आणले. चित्रपटांतला विनोद अश्लीलतेकडे झुकला याची त्यांना खंत होती. तीनशेच्या घरात चित्रपट करून आपल्या वाक्याला सेन्सॉरची कात्री लागली नाही, याचा अभिमान ते बोलून दाखवत. १९८५ मध्ये 'पहुँचे हुए लोग' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला, आणि त्यानंतर बराच काळ ते पडद्यापासून दूरच होते. १९९७ मध्ये कमल हासन यांच्या 'चाची ४२०' साठी ते परतले. २९ जुलै २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

'चाची ४२०' मधला त्यांचा जोसेफ प्रश्नकर्त्याने सर्वांत शेवटी, पण न चुकता पाहावा. सत्तरी गाठलेला हा रंगभूषाकार आहे आणि पिणाराही आहे. पुरुषाचे रूपांतर म्हाताऱ्या बाईत करण्याचे नाजूक काम त्याच्याकडे आहे. म्हणजे धंदा आणि दारू ही दोन्ही सूत्रे कारकिर्दीच्या अखेरीस एकाच पात्रात आली. बोलताना तो घसरतो, पण रंगाचे साहित्य हातात घेतल्यावर त्याची बोटे कशी वागतात ते नीट पाहा, शक्य असेल तर दोनदा.

तर क्रम असा ठेवावा: आधी 'प्यासा', मग 'मधुमती', मग 'आनंद', आणि मग जोसेफ. रविवारच्या तालमीला येताना आणखी एक गोष्ट लागेल. तुमच्या संहितेत पोस्टमनच्या खांद्यावर पत्रांची पिशवी लिहिलेली आहे, आणि गेल्या तिन्ही तालमींत मी तुम्हाला मोकळ्या हातांनीच झिंगताना पाहिले आहे. पिशवी आणा, आणि तीत खरी पत्रे भरून आणा, पत्त्यांसकट.